पितळेला पोचा, काशाला तडा

आमच्या उमेळ्याच्या घरात सकाळी पहिला आवाज विहिरीवरच्या मोटारीचा, दुसरा आईच्या भाकऱ्या थापण्याचा आणि तिसरा पप्पांच्या लेथच्या पट्ट्याचा. पट्ट्याला एका जागी सांधा होता, तो पुलीवरून गेला की टप् वाजायचा. पाहुणे विचारायचे, "हे सारखं काय वाजतंय?" आणि मी आणि माझा भाऊ आग्नेल एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो, कारण काही वाजतंय हेच आम्हाला ऐकू येत नसे. पट्टा थांबला की मात्र घरातलं प्रत्येक माणूस मान वर करायचं. आई चुलीजवळून ओरडायची, "काय झालं हो?" आणि शेडमधून उत्तर यायचं, "काय नाय. चहा दे."

घर वाडीत होतं. पुढे मोगऱ्याचे वाफे, मागे राजेळी केळी, आणि मध्ये पूर्वीच्या गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड. पप्पा मुंबईत एका कारखान्यात मशीनवर होते. पाठ धरायला लागली तेव्हा नोकरी सोडून त्यांनी तिथलाच एक जुना लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र, घरी आणला. बैल विकून लेथ आणला असं गावात बोललं जायचं. ते खरं नव्हतं, बैल म्हातारे होऊन गेले होते, पण पप्पांनी ते कधी खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटत असावं. आईचं राज्य केळ्यांवर. पिकलेली केळी सोलून कारवीच्या मांडवावर उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची, आणि मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या सोपटात घट्ट गुंडाळायची. वसईची सुकेळी सगळेच करतात, पण आईची सुकेळी दुसऱ्या कुणाला करता आली नाहीत, मलाही नाही. वारा आला की पप्पांच्या लेथचा बारीक कीस उडून थेट त्या मांडवावर जायचा. "माझ्या केळ्यांत तुमचं पितळ दिसलं तर बघा," आई म्हणायची. "पोटात गेलं तर पोरं बळकट होतील," पप्पा म्हणायचे. मला आज या वयात जिने चढताना दम लागत नाही, तो त्या पितळेचा गुण असेल.

(घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर उमेळ्याबाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून इथे सगळ्यांना समजेल असं लिहिते आहे. बस्त्याव मामाचं बोलणं मात्र थोडं तसंच ठेवलं आहे. त्याला शुद्ध मराठीत बोलायला लावलं तर तो वरून खाली येऊन मला जाब विचारेल.)

पप्पांचं काम म्हणजे पंपाचे बुश, उसाच्या चरकाचे दांडे, कुणाच्या सायकलचा अक्सल. पण त्यांचं नाव झालं ते रिळांमुळे. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्या हौशी लोकांकडे तेव्हा जुनी विलायती रिळं असायची, वडलांची, काकांची, कुणा बोटीवरच्या साहेबाने जाताना दिलेली. मूठ फिरवली की आतलं मोठं गिअर फिरतं, ते छोट्या गिअरला म्हणजे पिनियनला फिरवतं, आणि पिनियनबरोबर दोरीचं रीळ भराभर फिरतं. सगळा जीव त्या दोन चाकांच्या दातांत. दाते झिजले की रीळ मेलं. बाहेरून माल यायला बंदी होती, सुटे भाग मिळणं अशक्य, मग मुंबईहून, माहीमहून, पार अलिबागकडून माणसं पिशवीत रीळ गुंडाळून आमची वाडी शोधत यायची. पप्पा नवीन गिअर बनवून द्यायचे. दाते पाडायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. त्यांनी लेथवरच एक भोकांची तबकडी बसवली होती. खुंटी एका भोकातून काढून पुढच्या भोकात घातली की चाक एका दात्याइतकं सरकायचं. असं एकेक करत पूर्ण फेरी. मी आजही तसंच करते.

पण दाते पाडणं नंतरचं. आधी धातू ओळखायचा, आणि इथे पप्पा राजे होते. जुनं गिअर हातात आलं की ते ओट्याच्या कडेला, उघड्या उजेडात घेऊन जायचे. बल्बखाली धातू बघायचा नाही, बल्ब सगळ्यालाच पितळ करतो, हा आमच्या घरचा नियम होता. लोहचुंबक लावायचं: चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं आणि अंगाला करडं, हातात मऊमऊ, तर जस्ताची ओतीव वस्तू. ती दगडावर टाकली की थप् करते, बाकीचे धातू बोलतात. बोटावर घासून वास घ्यायचा, पितळेचा वास हातावर बसतो. मग कानशीचा एकच ओरखडा, आणि आत कुठला रंग निघतो ते बघायचं. पिवळा निघाला तर पितळ, लालसर तपकिरी निघाला तर ब्राँझ. हे सगळं पप्पांनी मला शिकवलं ते मी शाळेत जायच्या आधी, खेळ म्हणून. इतर मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी डोळे मिटून तुकडे दगडावर टाकायची आणि आवाजावरून नाव सांगायची. आग्नेल चुकायचा, मी चुकत नसे. माझी सून म्हणते, मम्मी बढाई मारतात. मारते. या वयात नाही मारायची तर कधी?

आग्नेलला गल्फमध्ये नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला आणि शेडमध्ये शांतता पसरली. लेथ पुढे आग्नेल चालवणार हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी कुणी बोललंच नव्हतं. पप्पांच्या पाठीला आता उभं राहणं सोसत नव्हतं. सातिवलीला तेव्हा नवे गाळे उभे राहत होते, तिथल्या एका शेठना जुना पण मजबूत लेथ हवा होता. ते येऊन बघून गेले, आणि पप्पांनी शब्द दिला: ईस्टर होऊ दे, मग घेऊन जा. मी त्या वेळी मॅट्रिक होऊन घरी होते. लग्नाची बोलणी कुठे कुठे सुरू होती. लेथवर मी बुश करत होते, आटे पाडत होते, वेणी डोक्याला घट्ट बांधून वर आईचा रुमाल. पण गिअरचे दाते पप्पांनी मला कधी पाडू दिले नव्हते. मी म्हटलं, "विकता कशाला? मी चालवीन." पप्पा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू चालवशील, पण गिऱ्हाईक पोरीच्या हातात रीळ देईल काय? एखादं देईल, ते पण माझं तोंड बघून." मी आत जाऊन केळ्यांवरून हात फिरवत बसले. रडले असेन, आई म्हणायची की रडले नाही, केळी उलटी मांडली.

तेवढ्यात बस्त्याव मामाचं रीळ आलं. बस्त्याव मामा आईचा थोरला भाऊ. नायगावच्या बाजूला खाडीकाठी राहायचा, मिठागरावर मुकादम होता. उंच, काळा, गळ्यात क्रुसाची साखळी आणि सदऱ्याच्या खिशात कायम गळ. आमच्या आईच्या माहेरची एक रीत होती: ईस्टरच्या जेवणाला मामाने स्वतः गरवून आणलेला जिताडा, खाडीतला मोठा मासा. बाजारातून आणलेला चालत नसे. बाकी डुकराच्या मटणाचं आंबट इंदेल असो, कोंबडी असो, तळलेले फुगे असोत, जिताड्याचं कालवण पानात पडल्याशिवाय आईला सण झाला असं वाटायचंच नाही. मामाचं रीळ त्याला एका बोटीच्या इंजिनियरने दिलेलं, चांगलं जड, आणि मामा ते बायकोपेक्षा जपतो असं मामीच सांगायची.

"मूठ फिरते पन दोरी येत नाय," मामा ओट्यावर बसत म्हणाला. "आत कायतरी भुगा झाला. दाजी, बघा जरा. ईस्टर तोंडावर आला. माशाला काय सांगू, थांब म्हनून?"

पप्पांनी रीळ उघडलं. मोठ्या गिअरचे दाते एका बाजूला पार गेले होते, आणि पिनियनचे सुईसारखे बारीक झाले होते. पप्पांनी मोठं गिअर उजेडात धरलं. लालसर, जवळजवळ गुलाबी. कानशीचा हलका ओरखडा मारला, तोही लाल. "ब्राँझ," पप्पा म्हणाले. "जुन्या जमान्यातलं ब्राँझ. याला ब्राँझच लागेल, आणि माझ्याकडे आहे."

त्यांच्याकडे होतं ते घंटेचं कासं. आमच्या बाजूच्या एका चर्चची लहान घंटा तडा गेल्यामुळे उतरवून पुन्हा ओतायला पाठवली होती, तेव्हा तिच्या काठाचा तुटलेला तुकडा फादरांनी पप्पांना दिला होता. पप्पांनी तो कपड्यात गुंडाळून ठेवला होता, एखाद्या मोठ्या कामासाठी. मेव्हण्याच्या रिळापेक्षा मोठं काम कुठलं? कासंही तांब्याचंच, कथलाचं प्रमाण जास्त एवढंच, आणि कठीण तर इतकं की पप्पांच्या दृष्टीने त्याला झीज माहीतच नव्हती. मामा खूश झाला. "घंटेचं गिअर! मग मासा आपनहून चर्चात मिस्सेला येईल."

मी गिअर हातात घेतलं. मला ते हलकं वाटलं. दात्याच्या तुटल्या जागी नख लावलं तर लाल भुगा नखात आला. खारी बिस्किटासारखा. ब्राँझ असा भुरभुरत नाही. मी कानस घेतली आणि त्याच ओरखड्यावर अजून दोनदा जोरात ओढली. लाल रंग संपला. आत पिवळं होतं, स्वच्छ लिंबासारखं पिवळं.

"पप्पा, हे पितळ आहे," मी म्हटलं. "खाऱ्या पाण्याने वरचं जस्त खाल्लं, तांबं राहिलं म्हणून लाल दिसतंय. आणि कासं घालू नका. पितळ पडलं तर त्याला पोचा येतो, कासं पडलं तर त्याला तडा जातो. जिताड्याने झटका दिला की दाते उडतील."

आई दारात येऊन उभी राहिली. पप्पांच्या धातू ओळखण्यावर आमच्या घरात कुणी शंका घेतली नव्हती, आणि पाहुण्यासमोर तर नाहीच नाही. पप्पांनी माझ्या हातातून गिअर घेतलं, पिवळा ओरखडा बघितला, अंगठ्याने पुसला. "माझे डोळे अजून जागेवर आहेत," ते म्हणाले. "पितळ असेल. मग कासं त्याच्याहून चांगलंच की. आणि तू आत जा." बाप शिकवतो आणि बापालाच शिकवू लागलं की रागावतो, हे सगळ्या घरांत होतं. पण मला राग आला तो त्यांचा नाही, त्या कपड्यात गुंडाळलेल्या तुकड्याचा आला. किती प्रेमाने ते चूक करत होते!

पप्पांनी पाठीला पट्टा बांधून काम केलं. गिअर आणि पिनियन, दोन्ही घंटेच्या काशाची. आणि काय सुंदर झाली! मी तेव्हाही कबूल केलं होतं, आजही करते, तशी चमक मला पुन्हा कधी साधली नाही. रीळ फिरवलं की आतून बारीक किणकिण यायची. आईने क्रुसाची खूण केली. मामा नाचत गेला.

आणि दुसऱ्या आठवड्यात भल्या सकाळी परत आला. रुमालाची गाठ सोडून त्याने ओट्यावर दाते ओतले. डाळिंबाच्या दाण्यांसारखे होते, टोकदार, तुटलेल्या जागी करडे.

"लागला होता," मामा म्हणाला. "चांगला मोठा. पहिला झटका दिला आनि आतमध्ये कड् झालं. मग मूठ फिरतेय फिरतेय, मासा आपला चालला भाईंदरला." त्याने पप्पांवर राग काढला नाही. फक्त आईकडे बघून म्हणाला, "आता ईस्टरला काय आनू गो?"

आईने मान फिरवली. पप्पा बराच वेळ दाते बोटांनी सारखे करत राहिले. मला वाटलं आता शेडचं दार बंद होईल. पप्पा मामाला म्हणाले, "पोरीने सांगितलं होतं." मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलतात तसा होता, सरळ. "बोल. कशाचं करू या?"

हा प्रश्न त्यांनी त्याआधी मला कधी विचारला नव्हता. ओळख, असं ते सांगायचे. ठरव, असं कधी सांगितलं नव्हतं. बाजारातलं पितळ सोपं होतं, ईस्टरपर्यंत निभावलंही असतं. पण खारं पाणी त्याचंही तेच करणार होतं. मी म्हटलं, "समुद्राने आधीच चाखून बघितलेलं ब्राँझ पाहिजे. मामा, धक्क्यावर जाऊ या."

मामाच्या ओळखीच्या एका नाखव्याची होडी दुरुस्तीला वर काढली होती. होडीखाली मोडक्या सामानाचा ढीग. नाखवा मला बघून हसला. "कोन ही, बस्त्याव? भाची? हिला कशाला भंगार?" मामा म्हणाला, "इंजिनियर हाय आमची." तो थट्टेने म्हणाला की खरंच, मला आजही माहीत नाही, पण माझी मान ताठ झाली. नाखव्याने मला होडीचा मोडका पंखा दिला, इंजिन ज्याने होडी ढकलतं तो. "घे, असली ब्राँझ." मी कानस मारली. वर लाल, आत पिवळा. तोच रोग. बाजूला ठेवला. नाखवा गोंधळला. ढिगात खाली एक ठोकळा होता, सुकाणू ज्याच्यावर फिरतं तो खालचा. शेवाळाने हिरवा, पण धारा शाबूत, आणि उचलला तर हात खाली गेला. उन्हात नेऊन कानस ओढली. तपकिरी. अजून ओढली. तपकिरी. कोपरा पार खाली उतरवला तरी आत बाहेर एकच रंग. दगडावर टाकला तर घंटेसारखा लांब गायला नाही, एकच भरीव सूर देऊन थांबला. असा आवाज देणारा धातू मार खातो पण तुटत नाही. "हा," मी म्हटलं. पिनियनसाठी मी त्याच ढिगातून स्टेनलेसच्या दांड्याचा एक तुकडा उचलला. मामाने विचारलं, दोन वेगळे कशाला? मी म्हटलं, "पिनियन जास्त फिरतं, त्याच्या एकेका दात्याला जास्त मार बसतो, म्हणून ते कठीण हवं. आणि दोन्ही एकाच धातूचे असले की एकमेकांना ओरबाडतात. सख्ख्या भावांना एका विहिरीवर ठेवल्यासारखं." मामा नाखव्याकडे बघून म्हणाला, "बघ! म्हंटलं नव्हतं?"

(परवाच एक मुलगा विरारहून आला होता, हातात महागडं जुनं रीळ. "आजी, दोन्ही गिअर स्टेनलेसच पाहिजे, बेस्ट असतं ना, मी व्हिडिओमध्ये बघितलं." मी त्याला हीच विहिरीची गोष्ट सांगितली. त्याने मोबाईल काढून माझंच बोलणं रेकॉर्ड केलं. आता म्हणे मी पण व्हिडिओमध्ये आहे.)

घरी आल्यावर मी ठोकळा पप्पांपुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात नेला, वास घेतला, कानस मारली, टाकून ऐकला. मग लेथजवळचं स्टूल ओढून त्यावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. म्हणजे काय ते मला कळायला थोडा वेळ लागला. दाते मी पाडायचे होते.

ठोकळा कापून चकती केली, भोक पाडलं, बाहेरून उतरवली. या ब्राँझचा, म्हणजे गनमेटलचा, कीस पितळेसारखा सुईसुई उडत नाही, जाडसर, आखूड पडतो, आणि गरम झाला की त्याचा वास वेगळाच. मग तबकडी. खुंटी काढ, पुढच्या भोकात घाल, घट्ट कर, दाता काप, मागे ये. या कामात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की चूक झाली असेल तर ती शेवटीच कळते. एखादं भोक चुकलं, खुंटी जराशी सैल राहिली, की सगळे दाते दिसायला ठीक येतात आणि शेवटचा येतो अर्धा. मग चकती भंगारात, आणि समुद्राने चाखलेला दुसरा ठोकळा माझ्याकडे नव्हता. ईस्टर आठवड्यावर होता. पप्पा एकदाच म्हणाले, "तेल," तेही बरोबर होतं. आई मांडवाकडून दोनदा डोकावून गेली, कीस उडत होता तरी काही बोलली नाही. शेवटच्या दात्याशी मी थांबले. कटर फिरवायच्या आधी मी उरलेली जागा बघितली, आणि ती पूर्ण होती, बाकीच्यांइतकीच. मी कापली. मग स्टेनलेसचं पिनियनही तसंच पाडलं. पप्पांनी नवीन गिअर आणि पिनियन बोटांत धरून एकमेकांवर फिरवलं, कानाजवळ नेलं. किणकिण नव्हती. आवाजच नव्हता. "ग्रीस भर," ते म्हणाले, आणि उठून चहाला गेले.

ईस्टरच्या आदल्या सकाळी उधाणाची भरती होती, मी मामाबरोबर धक्क्यावर गेले. आईला जिताडा हवा होता, मामाला अब्रू परत हवी होती, मला लेथ हवा होता, आणि हे सगळं एका गळावर टांगलेलं. पाणी चढलं आणि दोरी एकदम खाली गेली. जिताडा उड्या मारतो, हा मारत नव्हता, हा तळाला चिकटून ओढत होता. मामाच्या तोंडाचा रंग उतरला. "पाकट हाय. मोठा पाकट." पाकट म्हणजे चपटा, शेपटीला काटा असलेला मासा, तळाला बसला की दगडासारखा हलत नाही. रिळाला याच्याहून वाईट परीक्षा नाही. मामा मूठ फिरवायचा, घाम पुसायचा, पुन्हा फिरवायचा. माझे कान रिळावर. आत काही कड् होतंय का? काहीच नाही. मूठ फिरली की दोरी येत होती, एकेक वीत, पण येत होती. आजूबाजूची माणसं जमली. पाकट वर आला, काळा, सुपाएवढा नाही, मोठ्या टोपलीएवढा, धक्क्याच्या पायरीजवळ आला आणि दोरी दगडावर घासून तुटली.

लोक हळहळले. मामा रिळाकडे बघत राहिला, मग त्याने मूठ फिरवली. गुळगुळीत. पुन्हा फिरवली. आणि तो एवढ्या जोरात हसला की पलीकडच्या होडीतली माणसं उठून उभी राहिली. तसाच रिकाम्या हाताने आमच्या घरी आला आणि वाडीच्या दारातूनच ओरडला, "दाजी! मासा गेला, दोरी गेली, गिअर शाबूत! एक दाता नाय हलला!"

"आणि जिताडा?" आईने विचारलं.

"पुढच्या ईस्टरला, बाय. दोन आनतो."

त्या वर्षी आमच्याकडे ईस्टरला कालवण नव्हतं. आई दिवसभर मामाशी तुटक बोलली, आणि त्याच्या पानात मात्र इंदेल दोनदा वाढलं. पप्पांनी रीळ जेवताना शेजारी ठेवलं होतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात ते द्यायचे आणि म्हणायचे, "फिरवा." पाहुणे फिरवायचे. पप्पा एवढंच सांगायचे, "हिने केलं." कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. मी वाढत होते, माझ्या हातातली फुग्यांची परात मला हलकी लागत होती.

ईस्टरनंतर सातिवलीचे शेठ टेम्पो आणि चार हमाल घेऊन आले. शब्द तो शब्द. पप्पांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडलेला मी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी त्यांनी तो मोडावा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी शेडमध्ये होते, माहीमहून आलेल्या एका रिळाचं पिनियन हातात. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"काय, नेऊ ना?" शेठ म्हणाले.

"शब्द मी माझ्या लेथचा दिला होता," पप्पा म्हणाले. "आता तो माझा नाही. मालकीण आत आहे, तिला विचारा."

शेठ दारात आले. त्यांनी माझं रुमाल बांधलेलं डोकं बघितलं, तेलाने काळे झालेले हात बघितले. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. चप्पल उंबऱ्याबाहेर काढली आणि विचारलं, "बाई, लेथ द्यायचाय का?"

मला तोपर्यंत कुणी बाई म्हटलं नव्हतं. पोरी, गो, बाय, भाची, सगळं म्हटलं होतं. त्यांच्या खांद्यावरून मला अंगणातले पप्पा दिसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मांडवाकडे तोंड करून आईच्या केळ्यांवरच्या माश्या हाकलत उभे होते. हे काम त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं, आणि पट्टा चालू केला.